आराखड्याच्या पहिल्याच कागदावर पाण्याचा हिशेब हवा



भातसा, तानसा, मोडकसागर आणि मध्य वैतरणा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूर परिसरातली. तरीही दर उन्हाळ्यात शहापूर-मुरबाडच्या कित्येक पाड्यांवर बायाबापड्या टँकरची वाट बघतात. त्याच भागात शहरवाल्यांची फार्महाऊस उभी राहताहेत. त्यांचे आराखडे मुंबई-ठाण्यात बसून काढले जातात आणि त्यांत सपाट स्लॅब, पश्चिमेला मोठी काच, हिरवळ आणि बोअरवेल ठरलेली असते.

वास्तुरचनाकारांना पर्यावरणाची चाड नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण मानधन बहुधा बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर ठरते, म्हणजे खर्च वाचवणाऱ्याचेच उत्पन्न घटते. शिवाय मुदत कमी असते, म्हणून जुन्या कामाचे तपशील उचलून नव्याला लावले जातात. ही सवय मोडायला रोजच्या कामात बसतील अशी साधने हवीत.

पाण्याचेच बघा. येथे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. 100 चौरस मीटर छपरावर त्याचे अडीच लाख लिटर पाणी होते. चार माणसांना माणशी रोज 50 लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे या 120 दिवसांना 24 हजार लिटर पुरतात. एवढी टाकी जोत्याखाली बसते, फक्त ती पाया खणण्याआधी नकाशावर असायला हवी. घर बांधून झाल्यावर तिला जागा उरत नाही.

भिंतींचेही तसेच. इथली जुनी घरे कारवीच्या कुडाची, वर शेणमातीचा गिलावा, पुढे खोल पडवी. पडवीने ऊन आणि पावसाची झड दोन्ही अडतात. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. भिंतींसाठी त्याला पर्याय बांबूचा. जंगलाबाहेरचा बांबू 2017 च्या कायदादुरुस्तीने ‘वृक्षा’च्या व्याख्येतून वगळला. तो तोडायला आता पूर्वीची आडकाठी नाही. भुंगा लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया मात्र हवी.

‘ग्राहकालाच काच हवी असते,’ हे उत्तर नेहमीचे. पण ग्राहक समोर ठेवलेल्या चित्रांतूनच निवडतो, आणि पहिले चित्र रचनाकाराच्या हातचे असते.

वास्तुविद्या महाविद्यालयांनी आणि व्यावसायिक संघटनांनी व्यवसाय करणाऱ्या रचनाकारांसाठी शहापूर-मुरबाडमध्येच कार्यशाळा घ्याव्यात, स्थानिक गवंडी-सुतारांना त्यांत मोबदला देऊन शिकवायला बोलवावे आणि स्थानिक साहित्याचे दर, तपशील छापून द्यावेत. घर बांधणाऱ्या वाचकांनीही मानधन ठरावीक रकमेत ठरवावे आणि पहिल्या भेटीतच टाकी कुठे बसणार ते विचारावे.

– एक वाचक, शहापूर