दुकानाचा रोजमेळ आणि घरचे पासबुक

कुंडलिका नदीच्या दोन काठांवर जुना आणि नवीन जालना वसलेला आहे. मोंढ्यातील आडत असो, सराफी पेढी असो वा लोखंडाचे दुकान, दिवसअखेर रोजमेळ जुळल्याखेरीज गल्ला बंद होत नाही. दहा रुपयांचा फरक निघाला तरी मुनीम पुन्हा बेरीज मांडतो. त्याच कुटुंबाचे घरगुती पासबुक मात्र सहा-सहा महिने छापून आणलेले नसते. दुकानातील गळती तत्काळ शोधली जाते. घरातील गळतीकडे कोणाचे लक्षही जात नाही.

ही गळती मोठ्या खर्चांची नसते. लग्नकार्य वा घरबांधणीचा खर्च सर्वांच्या विचाराने होतो. पैसा झिरपतो तो न वाचलेल्या लहान नोंदींतून.

एटीएमचेच पाहा. जालन्यासारख्या महानगर नसलेल्या शहरात इतर बँकांच्या एटीएमवर महिन्यास पाच व्यवहार विनाशुल्क असतात आणि केवळ शिल्लक पाहणे हाही त्यांत एक व्यवहार धरला जातो. 1 मे 2025 पासून त्यापुढील प्रत्येक व्यवहारास बँक 23 रुपयांपर्यंत आकार घेऊ शकते. 18 टक्के करासह तो 27 रुपये 14 पैसे होतो. शिल्लक मोबाइलवर पाहिली, तर हा खर्च उद्भवतच नाही.

दुसरी गळती किमान शिल्लकेची. स्टेट बँकेने बचत खात्यावरील हा दंड 2020 मध्ये बंद केला, 2025 मध्ये आणखी काही सरकारी बँकांनीही तोच मार्ग धरला. परंतु सर्वच बँकांनी तसे केलेले नाही. नोकरी वा शिक्षणाच्या निमित्ताने उघडलेली आणि पुढे विसरलेली खाती म्हणून तपासून घ्यावीत व अनावश्यक खाती बंद करावीत. ज्यांची शिल्लक टिकत नाही, त्यांच्यासाठी किमान शिल्लकेची अट नसलेले मूलभूत बचत खाते प्रत्येक बँकेत उपलब्ध असते.

तिसरी गळती सर्वांत महाग. क्रेडिट कार्डाच्या देयकावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते आणि तेवढी भरली की काम झाले, असा समज होतो. उर्वरित रकमेवर दरमहा साडेतीन टक्के व्याज असेल, तर ते वर्षाला 42 टक्के होते. वीस हजारांच्या थकबाकीवर महिन्यास 700 रुपये! या दराने उधारी घेण्यास बाजारातील कोणताही व्यापारी धजावणार नाही.

नोंदी वाचण्याचे महत्त्व येथेच संपत नाही. पासबुकात दरवर्षी 436 रुपयांची एक वजावट दिसते. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेच्या हप्त्याची असते. दोन खात्यांतून दोन हप्ते गेले, तरी संरक्षण दोन लाखांचेच मिळते. दुसरा हप्ता व्यर्थ जातो. याउलट, खातेदाराचे निधन झाले आणि त्या नोंदीचा अर्थ घरात कोणालाच ठाऊक नसला, तर हक्काचे दोन लाख मागितलेच जात नाहीत. दुकानाचा हिशेब मुलाला शिकवला जातो. घरच्या खात्यांची माहिती पत्नीला, आईला असणे तितकेच आवश्यक आहे.

यासाठी महिन्यातून एक संध्याकाळ पुरेशी आहे. सर्व पासबुके छापून आणावीत, घरातील मोठ्यांनी एकत्र बसावे आणि प्रत्येक वजावटीपुढे तिचे कारण लिहावे. कारण सापडले नाही, तर शाखेत लेखी विचारणा करून पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही वा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

काटकसर म्हणजे ताटातला घास कमी करणे नव्हे. ज्या पैशाच्या मोबदल्यात काहीच मिळाले नाही, तो जाऊ न देणे ही खरी काटकसर. दुकानातला हा नियम घरालाही तंतोतंत लागू पडतो.