कोणाचे न ऐकणारा माणूस

शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागलेल्या जीपमध्ये सापगाव येईपर्यंत हल्ली एकच विषय चालतो, देशाची सुरक्षा. निवडणूक जवळ आली की अधिकच. विषयाचा शेवटही ठरलेला असतो. कोणीतरी मांडीवर थाप मारून म्हणतो, "आपल्याला कोणाचं न ऐकणारा माणूस पाहिजे!" आणि बाकीचे माना डोलावतात. आमच्यातल्या एखाद्याची टोपी दिसली तर कोणी आवाज खाली करतो, कोणी मुद्दाम चढवतो. त्याची आम्हाला आता सवय झाली आहे. सवय होत नाही ती दुसऱ्या गोष्टीची. संध्याकाळी मोहल्ल्यात येऊन ओट्यावर बसावे, तर तिथेही हेच वाक्य कानावर पडते. नेत्याचे नाव तेवढे बदललेले असते.

म्हणून आमचे भांडण जीपमधल्यांशी आहे आणि ओट्यावरच्यांशीही.

या देशात पासपोर्ट काढायचा तर पोलीस घरी येऊन चौकशी करतात. फौजेत अधिकारी व्हायला निघालेल्या पोराला निवड मंडळ पाच दिवस ठेवून घेते, त्याचे मन तपासते, रागावर ताबा आहे का, दुसऱ्याचे ऐकतो का ते पाहते. आम्हा मास्तरांनासुद्धा बी.एड.ला व्यक्तिमत्त्वाचे धडे गिरवावे लागले. आणि जो या सर्वांना हुकूम देणार, त्याला काय लागते? पंचवीस वर्षे वय आणि एक प्रतिज्ञापत्र. त्यात मालमत्ता, शिक्षण आणि दाखल गुन्हे यांचे रकाने आहेत. स्वभावाचा रकाना नाही. तो भरायचे काम मतदाराचे, आणि मतदार तर म्हणतो, कोणाचे न ऐकणारा द्या!

असा माणूस आपल्या मुलखाने एकदा पाहिला आहे. नाना फडणवीस मार्च १८०० मध्ये वारले आणि दुसऱ्या बाजीरावाला 'हे करू नका' म्हणणारे कोणी उरले नाही. राज्य सांभाळायचे सोडून पेशवा जुने हिशेब चुकते करू लागला. नानांच्या पक्षातले लोक धरले, त्यांची घरे जप्त केली. एप्रिल १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांचा भाऊ विठोजी हाती लागला, तेव्हा त्याला पुण्यात हत्तीच्या पायी दिले. घटकाभर पेशव्याचे मन शांत झाले असेल. पुढच्या वर्षी यशवंतराव फौज घेऊन पुण्यावर आले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांची फौज मोडली आणि बाजीराव राजधानी सोडून महाडमार्गे समुद्राने पळाला. पळून कुठे गेला? वसईला. ज्या वसईसाठी चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये हजारो माणसे खर्ची घातली होती, त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. तैनाती फौज घेतली, तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख दिला, आणि इंग्रजांना विचारल्याखेरीज कोणाशी लढाई वा तह करणार नाही असे लिहून दिले.

एवढ्यावर तो शहाणा झाला असता तरी काही उरले असते. १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला. संशय पेशव्याच्या लाडक्या त्रिंबकजी डेंगळ्यावर आला. पेशवा त्याला आधी पाठीशी घालत राहिला, मग नाइलाजाने हवाली केला. इंग्रजांनी त्याला आमच्या ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे, तिथे. १८१६ मध्ये तो तिथून निसटला, पुन्हा बखेडा झाला, आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. मराठ्यांच्या तलवारींना गंज चढला नव्हता, तोफाही होत्या. शत्रू सूड, संशय आणि खुशमस्करी या तीन वाटांनी आत आला, आणि या तिन्ही वाटा खुद्द पेशव्याच्या मनातून जात होत्या.

हे ऐकून ओट्यावरचे आमचे भाऊ खूश होतात. थांबा. औरंगजेबाने बापाला आग्ऱ्याच्या किल्ल्यात डांबले, भावांना संपवले, आणि मग आयुष्यभर त्याला मुलांचा भरवसा वाटला नाही. एक मुलगा बंड करून गेला, दुसऱ्याला, शाहजादा मुअज्जमला, १६८७ मध्ये त्याने कैद करून वर्षानुवर्षे ठेवले. शेवटची पंचवीस वर्षे दख्खनेत घालवून १७०७ मध्ये तो अहमदनगरला वारला, तेव्हा सल्तनत आतून पोखरली गेली होती. त्याचे वकीलपत्र आम्ही का घ्यावे? तो आमचा कोणी लागत नाही. आणि याह्याखान? निवडणुकीत बहुमत मिळवलेल्यांना सत्ता देण्याऐवजी त्याने मार्च १९७१ मध्ये त्यांच्यावर फौज सोडली. डिसेंबरात ९३ हजार कैदी आणि पूर्वेकडचा मुलूख गमावून मोकळा झाला. कलमा वाचल्याने स्वभाव बदलत नाही.

उलट उदाहरणही आपल्याच मातीतले आहे. १९५९ मध्ये संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या ताठ्याला कंटाळून लष्करप्रमुख थिमय्या यांनी राजीनामा दिला. पंडितजींनी तो मागे घ्यायला लावला, पण मेनन यांना हात लावला नाही. मर्जीतले अधिकारी वर चढले. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने त्याची वसुली केली. मग यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून बोलावले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण सह्याद्रीने केले काय? गर्जना केली नाही. तिन्ही दलांच्या प्रमुखांना समोर बसवून त्यांचे ऐकायला सुरुवात केली. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमध्ये रणगाडे आत घुसले आणि विमाने पाठवण्याची परवानगी मागण्यात आली, तेव्हा याच मवाळ माणसाने ती वेळ न दवडता दिली. ऐकणारा माणूस दुबळा असतो हे कोणी ठरवले?

आता जखमेवर बोट ठेवू. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० माणसे मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने बाळासाहेब ठाकरे यांच्यावर स्पष्ट ठपका ठेवला. सैनिकांना हुकूम देणाऱ्या सेनापतीची उपमा दिली. १९९८ मध्ये युती सरकारने तो अहवाल फेटाळला. २००० मध्ये ठाकऱ्यांना अटक झाली आणि मुदत टळल्याच्या कारणाने ते त्याच दिवशी सुटले. पण अहवालाची दुसरी बाजूही आम्ही वाचावी. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ जीव गेले, आणि त्या स्फोटांमागे आधीच्या दंगलींचे कारण दिसते असे याच आयोगाने म्हटले. ज्यांनी कौमचा सूड म्हणून रायगडच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरवले, त्यांनी कौमला काय दिले? टाडाचे खटले आणि संशय. ते उतरू देणारे कस्टमचे लोक पैसे घेऊन गप्प बसले, तेही दोषी ठरले. एकाच्या भाषणाने आग लागली, दुसऱ्याच्या सुडाने ती वाढली, तिसऱ्याच्या लोभाने तिला वाट दिली. यात सीमेपलीकडच्याला फारशी मेहनतच पडली नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या शेजारच्या पडघा-बोरिवलीत राष्ट्रीय तपास यंत्रणेचे छापे पडले. आरोप खरे की खोटे ते कोर्ट ठरवील. पण त्यानंतर आम्ही एकमेकांना विचारायला हवे होते ते कोणी विचारले नाही: एखाद्याला अमीर म्हटले की त्याला प्रश्न करायचा नाही, हे आमच्या पोरांना कोणी शिकवले? उहुदच्या वेळी हुजूर (स.) यांचे स्वतःचे मत मदिनेत राहूनच मुकाबला करावा असे होते. तरुण साथीदार बाहेर जाऊ म्हणाले, आणि त्यांनी ते मानले. लढाईत नुकसान झाले. तरी त्यानंतर उतरलेल्या आयतीत मश्विरा बंद करा असा हुकूम नाही. त्यांच्याशी मश्विरा करत जा, असाच आहे. ज्यांच्यावर वही येत होती त्यांनी मश्विरा घेतला, आणि आमचे नेते म्हणतात, आम्हाला विचारणारे तुम्ही कोण!

आम्ही वर्गात मॉनिटर नेमतो. आरडाओरडा करणारा पोरगा नेमला की वर्ग ताबडतोब गप्प होतो, हे खरे आहे. फक्त खिडकीची काच कोणी फोडली ते त्यानंतर कोणी सांगत नाही.

तालुक्यातल्या एका जमातीच्या बैठकीत आम्ही मागच्या वर्षी जमाखर्चाची वही मागितली होती. सदरसाहेब उठून उभे राहिले, म्हणाले, "मास्तर, तुम्ही पोरं शिकवा, कौमचं आम्ही बघतो." बैठक संपली. चांगला कडक माणूस आहे, असे बाहेर पडताना दोघेतिघे कौतुकाने बोलत होते. ईदनंतर पुन्हा बैठक आहे. आम्ही वही पुन्हा मागणार आहोत.