झाडें लावा, पण कोळशाचें काय?

पृथ्वीच्या तापवाढीवर निबंध लिहावयास सांगितला कीं आमचे बहुतेक विद्यार्थी 'झाडें लावा' एवढें लिहून लेखणी खालीं ठेवतात. पालकांचें उत्तरही बहुधा तेंच. झाडें लावावींच, त्यांच्या सावलीविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु रोगाचें मूळ निराळें आहे.

चंद्रपूरकडील कोळसा म्हणजे २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वींच्या वनस्पतींचा अवशेष होय. त्यांनीं हवेंतून घेतलेला कर्ब भूमीनें इतका काळ पोटांत ठेविला. आपण तो भट्ट्यांत जाळून पुन्हां हवेंत सोडीत आहों. त्यापासून होणारा कर्बवायु सूर्यप्रकाशास आडवा येत नाहीं, पण तापलेल्या भूमीपासून परत निघणारी उष्णता अडवितो. स्वीडनच्या आर्‍हेनियस यांनीं याचें गणित १८९६ सालींच मांडलें होतें! यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायु सुमारें २८० भाग असे. आज तो ४२० च्या वर आहे. हवा एक अंश तापली कीं सुमारें ७ टक्के अधिक बाष्प धरूं शकते. मग पाऊस येतो तो कोसळतच.

झाड जळलें किंवा कुजलें कीं त्यांतील बहुतेक कर्ब हवेंत परत जातो. खाणींत राहिलेला कोळसा मात्र तेथेंच राहतो. युरोप-अमेरिकेनें आपल्याहून पुष्कळ अधिक जाळला, हें खरें. त्याचा जाब त्यांना विचारावाच. तथापि या वायूचा मोठा अंश शेंकडों वर्षें टिकतो, आणि आमच्या दिव्यांचें देणें आज पांचवींत बसलेल्या मुलांकडे जाणार आहे. म्हणून पुढील निबंधापूर्वीं प्रत्येकानें आपल्या घरची वीज कशावर तयार होते, हें वडिलांस विचारून यावें.