नक्शा वाचणाऱ्याने चार्टला का भ्यावे?

बँकेत, सरकारी कर्जयोजनांच्या माहितीसभेत, वाळूजच्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या वर्कशॉपच्या भिंतीवर हल्ली एक चित्र हमखास दिसते. काही चौकोन, त्यांना जोडणारे बाण आणि मध्येच एखादी शंकरपाळी. कामाचा क्रम सांगणारा हा चार्ट होय. चित्र म्हटले की ते सर्वांना आपोआप कळते, अशी तो लावणाऱ्यांची समजूत असते. ही समजूत खोटी आहे आणि तिची किंमत आपला कारागीर मोजतो.

चार्ट ही एक लिपी आहे. १९२१ साली फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने अमेरिकेतील इंजिनीअरांपुढे कामाचे असे आराखडे मांडले. पुढे चिन्हांचे अर्थ ठरत गेले. चौकोन म्हणजे करायचे काम. शंकरपाळी म्हणजे प्रश्न, जिथून ‘होय’ आणि ‘नाही’ अशा दोन वाटा फुटतात. ज्याला हे कोणी सांगितलेच नाही, त्याला शंकरपाळी ही केवळ नक्षी वाटते.

आम्हा उर्दू माध्यमात शिकलेल्यांची आणखी एक गोष्ट आहे. आमची नजर कागदाच्या उजव्या कडेला आधी जाते. १९९१ साली बार्बरा ट्वर्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसभरातील जेवणांसारख्या गोष्टींचा क्रम त्यांनी मुलांना व मोठ्यांना कागदावर मांडायला सांगितला होता. इंग्रजी भाषकांनी तो बहुधा डावीकडून मांडला, अरबी भाषकांनी उजवीकडून. म्हणजे हा अकलेचा नव्हे, सवयीचा प्रश्न आहे. तरीही उजव्या टोकापासून चार्ट वाचू लागलेल्या एका शिंप्याला प्रशिक्षण वर्गात ‘अडाणी’ म्हटलेले मी स्वतः ऐकले आहे.

अडाणी कोण? हिमरूचा विणकर चौकटीच्या कागदावरील नक्शा वाचतो. कोणत्या घरासाठी कोणते धागे उचलायचे, हे तो जाळ्यावर बांधतो. जॅकार्डच्या पत्त्यावरचे एकेक भोक म्हणजे एकेक हुकूमच आहे. पैठणीचा कारागीर नक्शा खालून वर वाचत जातो, कारण कापड तसेच वाढते. हे वाचन ज्याला येते, त्याला दहा चौकोनांचा चार्ट जड नाही. त्याला फक्त सुरुवात कोठे आणि चिन्हाचा अर्थ काय, एवढे सांगावे लागते.

ते न सांगितल्यास नुकसान होते. २०२३ साली सुरू झालेली विश्वकर्मा योजना घ्या. तिच्यात शिंपी आहेत, कुलूप बनवणारे आहेत. नोंदणीनंतर अर्जाची तपासणी तीन पातळ्यांवर होते. पुढे प्रशिक्षण, मग पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज. असा क्रम चार्टवर वाचणारा सरळ रेषा पाहतो आणि ‘नाही’ची वाट सोडून देतो. अर्ज अडला की कोणाकडे जायचे, हे त्याच वाटेवर कळते. ती न दिसल्याने माणूस घरी वाट पाहत बसतो.

म्हणून चार्ट काढणाऱ्यांना विनंती, की तो वरून खाली काढा. उर्दू वाचणारा काय, मराठी वाचणारा काय, दोघेही वरूनच सुरू करतात. पायऱ्यांना आकडे द्या आणि शंकरपाळीच्या दोन्ही वाटांवर ‘होय’, ‘नाही’ मराठीत व उर्दूत लिहा.

कारागीर बांधवांनी चार्टवर बोट ठेवून बाणाच्या टोकाकडे जावे आणि प्रत्येक शंकरपाळीपाशी थांबून बेधडक विचारावे, “नाही झाले तर पुढे काय?” व्यापाऱ्यांनी आपल्या दुकानाचाही असा एक कागद करावा: ऑर्डर, सूत, रंगाई, विणाई, तपासणी, बिल. तपासणीत माल नापास झाला तर तो कोणाकडे परत जातो, हे त्यावर लिहावे. कारागिराशी होणारे निम्मे वाद त्या एका रेघेने मिटतील, असे माझे मत आहे.