शाळेच्या खोलीचा खर्च पालकांनाही कळू द्या



'नव्या वर्गखोलीसाठी अमुक लाख मंजूर' अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. त्या रकमेत काय धरले आणि काय वगळले, हे मात्र बातमीतही नसते आणि शाळेतही कुणाला ठाऊक नसते. दहिवलीत उल्हास नदीच्या काठी बांधायची खोली आणि इर्शाळगडाच्या उतारावरच्या वाडीत बांधायची खोली एकाच भावात कशी होईल? जुलै २०२१ मध्ये उल्हासचे पाणी कर्जतमध्ये शिरलेले ज्यांनी पाहिले, ते आधी जोते किती उंच धरले तेच विचारतील. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा रस्त्याअभावी यंत्रे वर नेता आली नाहीत. अशा वाड्यांत खडी, सिमेंट, सळई माणसांच्या डोक्यावरूनच चढते. ती मजुरी अंदाजपत्रकात पुरती धरली नाही, तर ठेकेदार काम अर्धवट टाकतो किंवा माल कमी वापरतो. मग पावसाळ्यात खोली गळते ती मुलांच्या डोक्यावर.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने करायचा. केंद्राच्या आदर्श नियमांत तो तीन वर्षांचा आहे. जादा खोल्या, सोयी आणि त्यासाठी लागणारा पैसाही त्यात मांडायचा आहे. समितीत बहुसंख्य पालक. पैसा मांडा म्हणायचे आणि दर दाखवायचे नाहीत, ही कुठली रीत?

माहिती नाही असेही नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची आहे. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीत प्रत्येक शाळेच्या खोल्यांची नोंद होते: चांगल्या किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती, मोठ्या दुरुस्तीच्या किती. पण ही माहिती शाळा भरते. भिंतीचा तडा वरवरचा की पायापर्यंत गेलेला, हे मुख्याध्यापकांनी कशावरून ठरवायचे? तिथे शाखा अभियंत्याची पाहणी हवी. शिवाय जुने अंदाजपत्रक धूळ झटकून पुढे सरकवले जाते, त्याचे काय? सरकारी बांधकामांवरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्याआधीच्या आकड्यावर मंजुरी दिली, तर नुसत्या करापोटीच खड्डा पडतो.

'अंदाजपत्रक तांत्रिक असते, पालकांना काय कळणार,' असे उत्तर हमखास मिळते. कर्जत-खालापुरात गल्लोगल्ली फार्महाऊस उठत आहेत. ती बांधणारे गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी याच शाळांचे पालक आहेत. क्रश सँडचा भाव आणि स्लॅबला किती सळई लागते हे त्यांना साहेबांइतकेच कळते, कदाचित अंमळ जास्तच.

म्हणून जिल्हा परिषदेला विनंती आहे: प्रत्येक शाळेच्या बांधकामाचे बाबनिहाय अंदाजपत्रक, वापरलेल्या दरसूचीचे वर्ष आणि वाहतुकीचे धरलेले अंतर मराठीत शाळेच्या फलकावर लावावे, काम सुरू झाल्यावर मोजमाप पुस्तिकेतील नोंदीही समितीपुढे ठेवाव्यात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती अर्जाची वाट न पाहता स्वतःहून जाहीर करायची असते. पालकांनीही शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत या कागदांची लेखी मागणी करावी.

— एक पालक, दहिवली (ता. कर्जत, जि. रायगड)