विहिरीवर खूण

मागल्या आठवड्यात मी एका प्रश्नावर साफ आपटलो. परीक्षा माझी नव्हती. आमच्यातली एक पोरगी अमेरिकेतल्या लॉ स्कूलसाठी एलसॅट देतेय. १९४८ पासून चालत आलेली परीक्षा. तिच्यात वाचनाचा एक भाग : ३५ मिनिटं, उताऱ्यांचे चार संच, दर प्रश्नाला पाच पर्याय. त्यात एक प्रश्न हमखास छळतो. उताऱ्यात जे घडलं त्याच्याशी खालीलपैकी कोणती गोष्ट सर्वांत मिळतीजुळती? तिनं सरावासाठी स्वतःच एक उतारा रचला होता. म्हणाली, "दादा, सोडवून बघ."

उतारा हेमन स्वेटचा. ह्यूस्टनचा काळा पोस्टमन. १९४६ साली टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलात अर्ज केला. काळा म्हणून नाकारला. तो कोर्टात गेला, तर सरकारनं काळ्यांसाठी वेगळं लॉ स्कूल काढलं. घ्या, तुम्हालाही दिलं! थर्गुड मार्शल लढले. १९५० साली सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं, हे समान नाही. प्राध्यापक कमी, पुस्तकं कमी, हे आहेच. पण जे मोजता येत नाही ते त्याहून मोठं : संस्थेचं नाव, माजी विद्यार्थ्यांचं वजन, ज्या वकील-न्यायाधीशांशी उद्या गाठ पडायची त्यांची संगत. स्वेटला मूळ कॉलेजातच घ्या.

पर्याय तिनं तीनच दिले.

एक : लॉ कॉलेजनं कमी मार्कांमुळे एका पोराला प्रवेश नाकारला, कोर्टानं तो द्यायला लावला.

दोन : गावच्या विहिरीवर वस्तीला मज्जाव. वस्तीनं स्वतः विहीर खणली, पाणी गोड लागलं.

तीन : नगरपालिकेनं काही फेरीवाल्यांना ते परगावचे म्हणून मुख्य मंडईत गाळे नाकारले, गावाबाहेर वेगळी मंडई बांधून दिली. तिथं घाऊक व्यापारी येईना, गिऱ्हाईक फिरकेना. कोर्ट म्हणालं, मुख्य मंडईतच जागा द्या.

मी डोळे झाकून विहिरीवर खूण केली. विहीर म्हटल्यावर दुसरं सुचणार काय? पोरगी हसली. "दादा, तू उतारा वाचलाच नाहीस. विहीर दिसली आणि पेटलास."

खरं होतं. माझा राग खोटा नव्हता, उत्तर खोटं होतं. विहिरीच्या गोष्टीत पर्यायी सोय सत्तेनं दिली नाही, ती अपुरी ठरली नाही, कोर्टही आलं नाही. पहिल्या पर्यायात लॉ कॉलेज आहे, कोर्टही आहे, पण मार्कांमुळे नाकारणं आणि जन्मामुळे नाकारणं एक नव्हे. शिवाय वेगळी सोय कुठाय? मंडईत कॉलेज नाही, पुस्तक नाही, काळा माणूस नाही. तरी सांगाडा तोच.

तिची रीत साधी आहे. पर्याय बघायच्या आधी उताऱ्यातली नावं, गावं, धंदे पुसून टाकायचे आणि उरलेलं एका ओळीत म्हणायचं : अमुक असल्यामुळे नाकारलं, वेगळं दिलं, ते मोजमापात आणि मोजमापापलीकडेही कमी पडलं, म्हणून मूळ जागा मिळाली. मग एकेक पर्याय या ओळीवर ठेवायचा. एक दुवा तुटला की पर्याय बाद. विषय ओळखीचा दिसला की दुप्पट सावध. आणि रिकामं काही सोडायचं नाही, कारण तिथं चुकीला मार्क कापत नाहीत.

यात तुमचं-माझं काय, असं विचाराल. दोस्तहो, कोर्टात याहून वेगळं काय चालतं? वकील उठतो, जुना निकाल काढतो, म्हणतो आमचंही तसंच आहे. समोरचा म्हणतो, छे, हे प्रकरणच वेगळं. लॉ स्कूलबद्दल १९५० साली जे ठरलं, त्याचाच आधार १९५४ च्या ब्राऊन निकालात आला आणि पोरांच्या शाळांना लागू झाला. कुणीतरी सांगाडा ओळखला होता. आपण ओळखला नाही, तर 'तुमचं वेगळं' म्हणून आपल्याला दारातून परतवतील आणि आपल्याला उत्तर सुचणार नाही.

पोरांनो, पेटा. पण पेन हातात असेल तेव्हा आधी उतारा शेवटपर्यंत वाचा. मी आता पुन्हा सोडवायला बसलोय. तुम्हीही बसा.