किती मेगापिक्सेलचा दाखवू?

सध्या एक नवीच टूम निघाली आहे. 2000 नंतरच्या दशकातले छोटे डिजिटल कॅमेरे तरुण मंडळी हौसेने शोधून विकत घेताहेत. त्या फोटोंना म्हणे 'फील' असतो. असेल बुवा! पण त्याच्या जोडीने "तेव्हा लोक दुकानात जाऊन, चार मॉडेलं पारखून घ्यायचे" असं कुणी म्हटलं की मात्र राहवत नाही.

पारखायचे? कशाच्या जोरावर?

आम्ही कोनचे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, पळस्पे फाट्याच्या पुढे. 2004-05 साली इथून कॅमेरा घ्यायला निघालं की पनवेलचं एखादं दुकान, नाहीतर पनवेलहून लोकलने थेट व्हीटी आणि मग बोरा बाजार. कुठेही जा, काउंटरवर प्रश्न एकच, "किती मेगापिक्सेलचा दाखवू?" जसे काही किलोवर कांदे!

आता जरा हिशोब करा. 4 बाय 6 इंचांच्या प्रिंटला 1800 गुणिले 1200, म्हणजे साधारण 2 मेगापिक्सेल पुरतात. घरोघरी अल्बममध्ये लागायच्या त्या याच प्रिंटा. 3 वरून 6 मेगापिक्सेलवर गेलं तर फोटोची लांबी दुप्पट होत नाही, जेमतेम 40 टक्के वाढते. आणि हे सगळे पिक्सेल बसवायचे कशावर? बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत सेन्सर असायचा 6 बाय 4 मिलिमीटरच्या आसपास. करंगळीच्या नखाहून लहान! तेवढ्याच जागेत जास्त गर्दी केली की संध्याकाळच्या हळदीच्या फोटोत नवरीच्या तोंडावर रांगोळीचे दाणे. सेन्सरचं माप खोक्यावर ठळक कधीच नसायचं, मेगापिक्सेलचा आकडा मात्र खुद्द कॅमेऱ्यावर कोरलेला. कॅननने 2008 च्या जी10 मध्ये 14.7 मेगापिक्सेल दिले आणि 2009 च्या जी11 मध्ये ते 10 वर आणले. कंपनीनेच पाऊल मागे घेतलं, आणखी पुरावा काय हवा?

कार्डाची कथा तर याहून वाईट. कॅमेऱ्याबरोबर मिळायचं 16 एमबीचं कार्ड. 5 मेगापिक्सेलचा एक फोटो दोनेक एमबीचा, म्हणजे सात-आठ फोटोंत कार्ड खलास. बारशाचा पाळणा हलायच्या आत! मग वेगळं कार्ड घ्या. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. शिवाय कोणतंही चालेल असं नाही. कॉम्पॅक्टफ्लॅश, स्मार्टमीडिया, सोनीची मेमरी स्टिक, एसडी, आणि 2002 मध्ये फूजी-ऑलिम्पसने आणलेलं एक्सडी. एकाचं दुसऱ्यात जाईल तर शपथ! स्मार्टमीडिया 128 एमबीवर थांबलं, एक्सडी 2 जीबीवर. सोनीने 2010 मध्ये एसडीला आपल्या कॅमेऱ्यांत जागा दिली, तोवर गिऱ्हाईक त्या खाचेत अडकलेलंच.

स्पर्धेमुळे किमती उतरल्या हे मान्य. पण कॅमेरा बिघडून कंपनी बदलली की जुनी कार्डं बाद, त्याचं काय?

ही कार्डं आजही कपाटात, लग्नपत्रिकांच्या पिशवीत पडून आहेत. वर्षानुवर्षं वापरात नसलेल्या फ्लॅश मेमरीतला विद्युतभार हळूहळू गळतो, फोटो न उघडण्याची पाळी येऊ शकते. एक्सडी आणि स्मार्टमीडिया दोन्ही वाचणारे जुने कार्ड रीडर अजून शोधले तर मिळतात. त्या हौशी तरुणांपैकी कुणी घरात असेल, तर फील नंतर, आधी आजोबांचं कार्ड कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला सांगा.